‘हुकूम म्हणजे हुकूम’ हा संदेश पुढे पाठवण्याआधी

दिवाळी झाली की पूर्व विदर्भात मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस येतात. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या गावोगाव जातात, धान कापलेल्या बांधीत मंडप पडतो आणि रात्रभर नाटक चालते. त्यात सैनिकी कोर्टाचा प्रवेश असला की गावच्या ग्रुपवर एक संदेश हमखास फिरू लागतो. तो असा : ‘फौजेत हुकूम म्हणजे हुकूम. हुकमाने केले त्याचा दोष जवानाच्या माथी येत नाही. आपल्याच पलटणीतल्या माणसाविरुद्ध साक्ष देणारा गद्दार. कोर्ट मार्शलचा निकाल आधीच ठरलेला असतो. वकील नाही, अपील नाही. नाटकात दाखवतात ते सगळे खोटे.’

पहाटे अंधारात डांबरी रस्त्यावर १६०० मीटरचा सराव करणारी पोरे हाच संदेश वाचतात. अग्निवीर म्हणून भरती झाली तरी त्यांना सेना कायदा, १९५० लागू होतो. म्हणून याला मुद्द्यागणिक उत्तर द्यायला हवे.

आधी हुकमाचे पाहू. हुकूम मोडण्याचा गुन्हा सेना कायद्याच्या कलम ४१ मध्ये आहे आणि तिथे नुसता ‘हुकूम’ असे म्हटलेले नाही, ‘कायदेशीर हुकूम’ म्हटले आहे. वरिष्ठाने समोरासमोर दिलेला असा हुकूम उद्दामपणे झुगारला तर १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एवढी जबर शिक्षा असल्यामुळेच ‘कायदेशीर’ हा शब्द महत्त्वाचा. भरतीच्या वेळी जवान जी शपथ घेतो तिच्यातही आधी संविधानाशी निष्ठा येते, मग राष्ट्रपतींचे आणि वरिष्ठांचे हुकूम. जीव धोक्यात घालूनही हुकूम पाळीन, असे तो म्हणतो. तिथे पणाला लागतो तो त्याचा स्वतःचा जीव. निःशस्त्र माणसाचा जीव घेण्याची परवानगी त्या शपथेत कुठेही नाही.

भारतीय न्याय संहितेच्या कलम १४ मध्ये, म्हणजे जुन्या दंडविधानाच्या कलम ७६ मध्ये, सैनिकाचेच उदाहरण आहे : वरिष्ठाच्या हुकमावरून जमावावर गोळी चालवणाऱ्या सैनिकाचा गुन्हा होत नाही. संदेश पाठवणारे हे अर्धेच वाक्य सांगतात. तो हुकूम कायद्याच्या आज्ञेला धरून असला पाहिजे, ही अट त्याच वाक्यात आहे.

याचा अर्थ प्रत्येक हुकमावर जवानाने वाद घालावा असा मात्र कुणी काढू नये. खंदक खोदणे, गस्त, पहारा, रजा रद्द होणे, हे पटो न पटो, कायदेशीरच असते. प्रश्न येतो तो उघडउघड गुन्हा असलेल्या हुकमाचा : हात बांधलेल्या कैद्याला मारणे, जो दारूगोळा वापरलाच नाही तो वापरला म्हणून रजिस्टरात लिहिणे. अशा वेळी ‘साहेब, हुकूम पुन्हा सांगा’ असे चारचौघांत शांतपणे विचारावे, शक्य तर लेखी मागावा, वेळ आणि हजर असलेल्यांची नावे त्याच दिवशी टिपून ठेवावी. मग सेना कायद्याच्या कलम २६ प्रमाणे कमांडिंग ऑफिसरकडे तक्रार करता येते. तक्रार त्यांच्याचविरुद्ध असेल तर त्यांच्या वरच्याकडे. मधल्या पायऱ्या सोडून थेट वर अर्ज धाडला तर तोच शिस्तभंग ठरतो. खरी तक्रार असलेले जवान इथेच अडकतात.

‘हुकमाने केले’ हा बचाव जगातल्या सर्वांत गाजलेल्या सैनिकी खटल्यांपैकी एकात पुरता तपासला गेला. १६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधल्या माय लाय गावात अमेरिकी सैनिकांनी शेकडो निःशस्त्र माणसे मारली, त्यात बाया होत्या, तान्ही लेकरे होती. त्यांच्यातल्या लेफ्टनंट विल्यम कॅली याने ‘हुकूम त्याचा होता’ म्हणून आपल्या कॅप्टनकडे बोट दाखवले. सहा अधिकाऱ्यांच्या मंडळाने २९ मार्च १९७१ रोजी त्याला किमान २२ जणांच्या खुनाबद्दल दोषी धरले. साधी समज असलेल्या माणसालाही जो हुकूम बेकायदा आहे हे कळेल, तो पाळल्याचा बचाव चालत नाही, अशी ती कसोटी होती. कॅप्टन मात्र सुटला. हुकूम देणाऱ्यावर दोष शाबीत झाला नाही म्हणून पाळणारा सुटतो, असेही घडले नाही.

आता ‘साक्ष देणारा गद्दार’. त्याच माय लायमध्ये ह्यू थॉम्पसन या पायलटने आपले हेलिकॉप्टर पळणारे गावकरी आणि त्यांच्यामागे येणारे आपलेच सैनिक यांच्या मधोमध उतरवले. त्याच्या साथीदारांच्या बंदुका आपल्याच लोकांच्या दिशेने होत्या. थॉम्पसनने काही गावकऱ्यांना बाहेर काढले, तळावर परतून वरिष्ठांना सांगितले आणि पुढे साक्षही दिली. त्याला धमक्या आल्या, आपल्याच लोकांनी तोंड फिरवले. त्याच फौजेने १९९८ मध्ये, म्हणजे ३० वर्षांनी, याच कृत्याबद्दल त्याला आणि त्याच्या दोन्ही साथीदारांना सैनिकी पदक दिले, एकाला मरणोत्तर.

आपल्याकडे २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साखानी बाजारात इंग्रजांच्या फौजेतल्या चंद्रसिंग गढवाली आणि त्यांच्या सोबत्यांनी निःशस्त्र जमावावर गोळी झाडायला नकार दिला. कोर्ट मार्शल झाले, चंद्रसिंगांना जन्मठेप झाली. धैर्याची किंमत पडते, आणि ती कधी कधी पूर्ण वसूल केली जाते. हे लपवून पोरांना धैर्याच्या गोष्टी सांगणे बरोबर नाही.

पण खोट्या निष्ठेचीही किंमत असते, ती संदेशात नाही. कोर्ट मार्शलपुढे शपथेवर खोटे बोलणे हा सेना कायद्याच्या कलम ६० खाली गुन्हा आहे, ७ वर्षांपर्यंत कैद. समन्स मिळूनही न जाणे किंवा उत्तर द्यायला नकार देणे हे कलम ५९ मध्ये येते, ३ वर्षांपर्यंत. सोबत्याला वाचवायला ‘मी तिथे नव्हतोच’ म्हणणारा जवान स्वतःचे घर पणाला लावतो. उलट बाजूने, जाणूनबुजून खोटा आरोप करणेही कलम ५६ खाली गुन्हाच. म्हणून जेवढे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगावे, ऐकीव गोष्ट पाहिली म्हणून सांगू नये. उलटतपासणीत साक्षीदार कोसळतो तो बहुधा इथेच.

‘निकाल आधीच ठरलेला’ याला उत्तर देताना जनरल कोर्ट मार्शलचे, म्हणजे गंभीर खटल्यांच्या सैनिकी कोर्टाचे, टेबल डोळ्यांपुढे आणावे लागेल, कारण नाटकातही तिथेच चूक होते. हातोडी आपटणारा एकटा न्यायाधीश तिथे नसतो. किमान पाच अधिकारी हुद्द्याप्रमाणे बसतात. प्रत्येकाची नोकरी अधिकारी म्हणून किमान तीन वर्षे झालेली, चौघे तरी कॅप्टन किंवा वरच्या हुद्द्याचे. शेजारी जज ॲडव्होकेट असतो. तो कायदा समजावतो, मत देत नाही. सुरुवातीलाच आरोपीला विचारावे लागते : यांच्यापैकी कुणाबद्दल तुझी हरकत आहे का? आरोपीला बचाव अधिकारी मिळतो आणि वकीलही लावता येतो. आरोप सांगितल्यापासून खटला उभा राहीपर्यंत बचावाच्या तयारीला किमान ९६ तास, प्रत्यक्ष मोहिमेवर असताना २४ तास.

पुरावा संपला की दार बंद होते आणि मते घेतली जातात. प्रत्येक आरोपावर वेगळे मत, तोंडी, आणि सुरुवात सर्वांत कनिष्ठ सदस्यापासून. कर्नलसाहेबांचे मत आधी ऐकले तर कॅप्टनची जीभ अडखळेल, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होते. कुणी कोणते मत दिले हे कधी उघड करणार नाही, अशी शपथ प्रत्येकाने आधीच घेतलेली असते. मते समसमान पडली तर फायदा आरोपीला. फाशीसाठी किमान दोन तृतीयांश मते लागतात. सैनिकी कोर्टावर नाटक लिहिणाऱ्याने हा बंद दारामागचा क्षण सोडू नये. सगळ्यांत धाकट्या अधिकाऱ्याला सगळ्यांच्या आधी, कुणाच्या तोंडाकडे न पाहता बोलायचे असते.

संदेश खऱ्याच्या सर्वांत जवळ येतो तो समरी कोर्ट मार्शलच्या बाबतीत, आणि शिपायापासून हवालदारापर्यंतच्या जवानाची गाठ बहुतेक याच्याशीच पडते. इथे कमांडिंग ऑफिसर एकटाच कोर्ट असतो. दोन अधिकारी किंवा जेसीओ (सुभेदारासारखे कनिष्ठ अधिकारी) हजर असतात, पण त्यांना मत नसते. मदतीला ‘आरोपीचा मित्र’ मिळतो. तो सल्ला देऊ शकतो, प्रश्न सुचवू शकतो, साक्षीदाराला स्वतः विचारू शकत नाही. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल किंवा वरचा असेल तर एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो आणि शिक्षेला वरून मंजुरी लागत नाही. ‘कबूल करून टाक, लवकर सुटशील’ हा सल्ला इथे घात करतो. गुन्हा कबूल केला की साक्षीदार तपासले जात नाहीत, तीच कबुली निकाल म्हणून लिहिली जाते आणि पुढच्या कोर्टात सांगण्यासारखे हातात फारसे उरत नाही. कबुलीचा परिणाम काय होईल हे आरोपीला आधी समजावणे नियमानेच सक्तीचे आहे. ते केले का, हे कागदावर तपासावे.

आणि असा निकाल फिरतो. रणजित ठाकूर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात (निकाल १९८७) सिग्नलमन, म्हणजे फौजेच्या संदेशवहन विभागात, असलेल्या जवानाला थेट वर तक्रार पाठवल्याबद्दल २८ दिवसांची कैद झाली होती. त्या कैदेत असताना जेवण घेण्याचा हुकूम मोडला म्हणून समरी कोर्ट मार्शलने एक वर्ष कैद आणि बडतर्फी दिली. ज्याच्याविरुद्ध त्याची तक्रार होती असा अधिकारी त्या कोर्टात होता आणि ‘हरकत आहे का’ हा प्रश्न त्याला विचारलाच गेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने सगळी कारवाई रद्द करून त्याला नोकरीवर परत घ्यायला लावले.

‘अपील नाही’ हे तर २००९ पासून साफ चूक आहे. २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण आले, महाराष्ट्रासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. ते निकाल रद्द करू शकते, शिक्षा कमी करू शकते. त्यासाठी आरोपपत्र, साक्षींचा सारांश म्हणजे समरी ऑफ एव्हिडन्स, आणि कोर्टाच्या कामकाजाची प्रत एवढे कागद आधी गोळा करावे. कामकाजाची प्रत मागणे हा आरोपीचा हक्क आहे, ती लेखी मागावी. मुदत तारखेवर मोजतात, म्हणून गावाकडे टपालाने कागद आला की पाकीट फेकू नये. त्यावरचा शिक्का आणि हाती पडल्याची तारीख जपून ठेवावी.