एकाच पातेल्यातली उसळ

आठवडाभर एक मेसेज सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. मला तो तीनदा आला, त्यातला एक आमच्या धाकट्या भावोजींकडून. मजकूर असा: "आमच्या वेळी ताण नव्हता, अभ्यास होता. आताच्या पोरांची पोटं बिघडतात मेसच्या तेलाने आणि नाव ताणाचं. दडपणाशिवाय हिरा घडत नाही. रडणं म्हणजे लाड. चार तास झोपा, अधिकारी व्हा."

मी वीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं आणि आता नवी पेठेत खानावळ चालवते. त्यामुळे या मेसेजमधले दोन्ही आरोपी माझ्या ओळखीचे आहेत, शरीरही आणि मेसही.

आधी मेसचंच बघू, कारण झोंबलंय ते तिथेच. रोज साठ ताटं वाढते. परवाच्या रविवारी स्पर्धा परीक्षा होती. गुरुवारपासूनच परीक्षावाल्यांची ताटं अर्धी परत यायला लागली. "काकू, आज नुसता दहीभात." एकाला घास गिळला की मळमळायचं, दोघांना सकाळपासून चार-चारदा जावं लागायचं. त्याच टेबलावर नोकरी करणारी तीन मुलं तीच मटकीची उसळ दुसऱ्यांदा मागून घेत होती. दोष तेलाचा असता तर त्याने हॉलतिकीट बघून माणसं निवडली नसती. (मेसचं जेवण कधी बाधतच नाही असं मी म्हणणार नाही. पण बाधलं की अख्खी पंगत आडवी होते.)

आत होतं ते असं. मेंदूला धोका वाटला की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी आधी अ‍ॅड्रेनलिन सोडतात, मागोमाग कॉर्टिसॉल. रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं. जठर रेंगाळतं आणि मोठं आतडं मात्र घाई करतं. म्हणून वर मळमळ आणि खाली धावपळ, एकाच माणसाला, एकाच सकाळी. पेपर पळून जाण्यासारखा धोका नाही, हे शरीराला कोण सांगणार?

"आमच्या वेळी ताण नव्हता." मग पोटात गोळा येणं, घशाला कोरड पडणं, धाबं दणाणणं, हातपाय गळणं हे शब्द आले कुठून? माझी आजी वापरायची ते. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली 'नेचर'मध्ये एक छोटं टिपण छापलं होतं. उंदरांना कसलाही त्रास दिला, थंडीचा, इजेचा, औषधाचा, तरी शरीर एकाच साच्यात कोलमडत होतं: त्याच ग्रंथी फुगलेल्या, जठरात व्रण. त्या उंदरांना कोणी लाडावून ठेवलं नव्हतं.

हिऱ्याच्या वाक्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी उंदरांना विजेचे झटके देऊन शिकवून पाहिलं. सोपं काम जोरदार झटक्यांनीही लवकर जमलं. अवघड कामात मात्र झटका वाढवत नेल्यावर शिकणं मंदावलं. आता स्पर्धा परीक्षेचा पेपर सोपा की अवघड, ते मेसेज लिहिणाऱ्याने एकदा सोडवून सांगावं. आणि हिऱ्याला जखम होत नाही. १९९८ साली अमेरिकेत दंतवैद्यकाच्या अकरा विद्यार्थ्यांच्या टाळूला एक बारीकशी जखम केली, एकदा सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी ४० टक्के जास्त वेळ लागला. तीच मुलं, तेच तोंड.

रडण्याचं काय? शुक्रवारी एक मुलगी पोळी करपली म्हणून रडली. पोळीसाठी नाही हे तिलाही कळत होतं आणि मलाही. झोप तुटली की मेंदूतला भीती-रागाचा भाग भडकतो आणि त्याला आवर घालणारा पुढचा भाग ढिला पडतो. चार तासांच्या सल्ल्याचंही उत्तर यातच आलं. शिवाय दिवसभर वाचलेलं पक्कं बसतं ते झोपेत. चार तास झोपणारा रोज स्वतःच्याच अभ्यासावर पाणी ओततो.

मेसेजात नसलेली एक गोष्ट मुली भांडी ठेवायला आत येतात तेव्हा हळूच सांगतात: दोन महिने पाळी आली नाही, केस मुठीने जातायत. मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा जो भाग ताणाची घंटा वाजवतो, त्याच्याकडेच पाळीची सूत्रंही असतात, आणि ताणात तो ती आवळून धरतो. केस तर धक्का बसल्यावर दोन-तीन महिन्यांनी गळतात, तोवर परीक्षा विसरलेलीही असते. मी त्यांना डॉक्टरकडे पाठवते, कारण हरेक गोष्ट ताणावर ढकलणंही बरं नाही. बेसिनच्या वर मेनूशेजारी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चिकटवलाय. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. कोणी कोणी हात धुताना फोटो काढून घेतं, मी बघितलं न बघितल्यासारखं करते.

सोमवारी मुद्दाम तीच उसळ केली. तेच तेल, तोच मसाला. गुरुवारी दहीभात मागणाऱ्याने तीन वाट्या घेतल्या आणि नऊ वाजता पातेलं रिकामं झालं. त्या पातेल्याचा फोटो भावोजींना पाठवलाय. निळ्या टिक्स आल्यात.