खुर्चीतून उठणंही लेखनातच येतं
लिहिताना अडलं तरी टेबलावरून उठू नका, हा तुमच्या लेखातला सल्ला मला अजिबात पटला नाही. स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना जास्त नव्या कल्पना सुचल्या, अगदी कोऱ्या भिंतीसमोर ट्रेडमिलवर चालतानाही! एकच अचूक उत्तर असलेल्या कोड्यांत मात्र चालण्याचा फायदा दिसला नाही, त्यामुळे छपाईआधीची मुद्रितं बसूनच तपासावीत. आणि विश्रांती म्हणजे मोबाइल चाळणं नव्हे; त्यात दुसऱ्यांचीच वाक्यं डोक्यात घोळत राहतात. मी उठताना वाक्य मुद्दाम अर्धवट सोडते, समासात पुढच्या प्रसंगाचे दोन शब्द खरडते. परतल्यावर लगेच सूर लागतो. नव्याने लिहिणाऱ्यांना उठायची चोरी वाटेल असं कृपया लिहू नका.