गाण्याचा ठसा, चिपवरचं भूत आणि मामांची पेटी

मागच्या महिन्यात माझ्या मामांनी म्युझिक प्लेअरमधली पेटीच्या क्लासची सगळी रेकॉर्डिंगं उडवली. चुकून नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या एका 'महत्त्वाच्या सूचने'वरहुकूम, चष्मा लावून, पायरीपायरीने. त्यामुळे पुढे माझा सूर चढलेला वाटला तर तो चढलेलाच आहे.

ही सूचना आधी मामांच्या हास्यक्लबच्या ग्रुपवर आली, मग सोसायटीच्या, आणि आता मलाच तीन जणांनी पाठवून झाली आहे. खाली 'एका इंजिनिअरकडून साभार'. कुठला इंजिनिअर, कशाचा, पत्ता नाही. मजकूर थोडक्यात असा: प्लेअरमधून गाणं डिलीट केलं तरी त्याचा 'ठसा' चिपवर राहतो. त्यावर नवं गाणं भरलं की दोन्ही मिसळतात आणि आवाज घोगरा होतो. डिलीट करून जागाही सुटत नाही. ४ जीबीच्या प्लेअरवर ३.७ जीबी दिसतं ते या ठशांमुळेच. म्हणून गाणी एकेक डिलीट करू नका, दर महिन्याला फॉरमॅट मारा, म्हणजे अख्खी मेमरी नव्याने मांडा, तोही 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून. सगळी गाणी ३२० मध्ये (सेकंदाला ३२० किलोबिटच्या एमपी३ फायलींत) बदलून मगच भरा. आणि वायर काढण्याआधी कॉम्प्युटरवर दाबायचं 'सेफली रिमूव्ह' हे निव्वळ नाटक आहे.

आधी तो ठसा.

हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात अजून कॅसेट फिरते आहे. कॅसेटवर असं व्हायचं, हे आमच्या पिढीने ऐकलेलं आहे. टेपरेकॉर्डरचं जुनं पुसणारं हेड नीट पुसायचं नाही, मग नव्या रेकॉर्डिंगच्या खालून जुनं बारीक आवाजात ऐकू यायचं. आमच्या घरी एका कॅसेटवर भावगीतांच्या मागे कुणाच्या तरी बारशाचा गलका होता. कुणाचं बारसं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

प्लेअरमध्ये मात्र चुंबकीय पट्टी नाही, आकडे आहेत. साध्या प्लेअरची मेमरी बहुतेक वेळा 'फॅट' नावाच्या पद्धतीने लावलेली असते. पद्धत मायक्रोसॉफ्टची, आणि तिचं डिसेंबर २००० मधलं तपशीलपत्र कुणालाही वाचता येतं. मी वाचलं, कारण मला मामांपुढे पुराव्यानिशी बसायचं होतं. फोल्डर म्हणजे एक यादी, आणि यादीत फायलीच्या नावाची ३२ बाइटची ओळ. ओळीच्या पहिल्या अक्षराच्या जागी ई५ हा (कॉम्प्युटरच्या सोळाच्या मोजणीतला) आकडा आला की ती ओळ रिकामी समजायची. फाइल डिलीट करताना एवढंच होतं: तिथे ई५ पडतो, आणि त्या फायलीने अडवलेले कप्पे दुसऱ्या तक्त्यात मोकळे म्हणून नोंदवले जातात. गाण्याला कुणी हातही लावत नाही. (ई५ हा जपानी लिपीतल्या अक्षराचाही पहिला बाइट असू शकतो, म्हणून त्या नावांसाठी ०५ची वेगळी पळवाट त्याच कागदात दिली आहे. इतका बारीक विचार केलेल्या गोष्टीवर साभार इंजिनिअर ठसा उमटवतो.)

वाड्यातल्या बिऱ्हाडाच्या दारावरची पाटी उतरवली, सामान मात्र आतच, असा हा प्रकार. तेव्हा डिलीट केल्यावर मागे काहीतरी राहतं, एवढं मला नाइलाजाने मान्य करावं लागतंय. फक्त तो ठसा नसतो, अख्खं गाणं असतं. आणि ते मिसळत नाही. फ्लॅश मेमरीत लिहिलेल्या जागेवर तसंच वरून लिहिताच येत नाही. आधी तो अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, मग नवं लिहिता येतं. समजा कुठे आकडे बिघडलेच, तर गाणं अडखळेल, किंचाळेल, बंद पडेल. नव्या अभंगाच्या मागे जुनी लावणी कुजबुजणार नाही. मामांच्या प्लेअरचा आवाज घोगरा झाला होता हे खरं आहे. इयरफोनच्या पिनेपाशी वायर पिळवटून तुटत आली होती. नवा इयरफोन आणला, घसा सुटला.

आता फॉरमॅट. माझा राग मुख्यतः इथे आहे.

मामा ७१ वर्षांचे, गेल्या दोन वर्षांपासून पेटी शिकतात. क्लास नारायण पेठेत, नदीपात्रापासून जवळ. प्लेअरचं रेकॉर्डिंगचं बटण दाबून ते तो पेटीशेजारी ठेवतात. अशा ४३ फायली होत्या. प्रत्येकीत मामांची पेटी आणि दर अर्ध्या मिनिटाला मास्तरांचं 'पुन्हा'. दुसरी प्रत कुठेही नाही. गाणी कॉम्प्युटरवर होती, ती परत भरता आली असती. फॉरमॅट काही गाणी कुठली आणि रेकॉर्डिंगं कुठली हे बघत नाही. हे त्या सूचनेत एका शब्दानेही नाही. दर महिन्याला घर पाडून बांधा म्हणणाऱ्याने निदान 'आतली माणसं बाहेर काढा' एवढं तरी लिहावं.

आणि 'क्विक'ची खूण काढा, हा तर कहर. क्विक फॉरमॅटमध्ये फक्त याद्या नव्याने मांडल्या जातात, सामान बहुतेक तसंच पडून राहतं. पण विंडोज व्हिस्टापासून पुढे, ती खूण काढून फॉरमॅट केला की कॉम्प्युटर सगळीकडे शून्यं लिहितो. मग घरगुती उपायांनी काही परत येत नाही. म्हणजे सूचनेतली सगळ्यात घातक पायरी हीच, आणि ती 'विसरू नका' म्हणून ठळक केलेली.

मामा विसरले. पाचव्या पायरीपाशी दाराची बेल वाजली, कुरियरवाला होता. सही करून आले आणि थेट सहाव्या पायरीपासून पुढे गेले. ती खूण आपोआप लागलेली असते, तशीच राहिली. रेकॉर्डिंगं वाचली ती केवळ यामुळे.

संध्याकाळी फोन आला, 'अगं, रेकॉर्डचं फोल्डर दिसत नाही.' मी म्हटलं, 'मामा, प्लेअर बंद करा. एकही गाणं भरू नका, काही रेकॉर्ड करू नका, तसाच ठेवा.' कारण मोकळ्या म्हणून नोंदलेल्या कप्प्यांत नवं काही जाऊन बसलं की तिथलं जुनं गेलं. दुसऱ्या दिवशी कोथरूडला जाऊन फोटोरेक हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवलं. नावात फोटो असला तरी ते गाणी, रेकॉर्डिंगं, सगळं हुडकतं. ते यादी बघतच नाही, कप्पेच चाचपत जातं आणि फायलीच्या सुरुवातीची ओळखीची खूण दिसली की तिथून उचलतं. जे मिळेल ते दुसरीकडे, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवायचं. त्याच प्लेअरवर नाही. ४३ पैकी ४० नीट मिळाल्या. उरलेल्या तिघींत यमन चालू असताना मध्येच खरखर सुरू होते, कारण फायलीचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी होते आणि मधे भलत्याच फायलीचे आकडे आले.

त्या 'ठशा'मुळेच मामांचा क्लास परत आला. सूचना त्याच ठशाला संपवायला निघाली होती.

बाकीचे मुद्दे झटपट. ३.७ जीबीचं भूत: प्लेअरवर ४ जीबी छापतात ते ४०० कोटी बाइट या हिशेबाने. विंडोज मात्र १०२४ला १०२४ने दोनदा गुणून, म्हणजे सुमारे १०७.३७ कोटी बाइटांचा एक जीबी धरतो. भागाकार करा, ३.७२ येतात. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून खोका फोडून कोरा प्लेअर काढा, ज्यात आजवर एक गाणं भरलेलं नाही, त्यावरही हाच आकडा दिसेल, किंवा प्लेअरचं स्वतःचं सॉफ्टवेअर जागा खात असेल तर याहून थोडा कमी.

डिलीट करून जागा सुटत नाही, यात अर्ध्याहून कमी सत्य आहे, पण आहे. मॅकवर प्लेअर जोडून गाणी ट्रॅशमध्ये टाकली तर ती प्लेअरवरच्याच एका लपलेल्या फोल्डरमध्ये जाऊन बसतात. ट्रॅश रिकामा करेपर्यंत जागा अडलेली राहते. माझ्या मामेबहिणीचा मॅक आहे आणि तिने हे दोनदा भोगलंय. विंडोजमध्ये पेनड्राइव्हसारख्या उघडणाऱ्या प्लेअरवरून डिलीट केलेलं सहसा रिसायकल बिनमध्ये जातच नाही, थेट जातं. जुन्या आयपॉडचं प्रकरण निराळं: त्यात गाण्यांची यादी वेगळ्या डेटाबेसमध्ये असते, त्यामुळे फोल्डरमधून फाइल उडवली तरी नाव यादीत दिसत राहतं. तिथे गाणी आयट्यून्समधूनच (नव्या मॅकवर फाइंडरमधून) काढायची.

१२८चं गाणं ३२० केल्याने काय होतं? पाच मिनिटांचं गाणं ४.८ एमबीचं १२ एमबी होतं. बस. एमपी३ बनवताना जे गाळलं ते गेलं, उलट दुसऱ्यांदा चाळणीतून काढल्यावर आणखी थोडं जातं. चांगलं हवं तर मूळ सीडीवरून घ्या.

'सेफली रिमूव्ह'बद्दल मात्र साभार इंजिनिअर अगदीच चुकलेला नाही, हे लिहिताना माझे दात शिवशिवतात. विंडोज १०च्या १८०९ आवृत्तीपासून अशा वस्तूंसाठी मुळातच 'क्विक रिमूव्हल', म्हणजे न विचारता वायर काढता यावी अशी सोय, लावलेलं असतं. कॉपी पूर्ण झाली असेल तर वायर ओढून सहसा काही होत नाही. मामांकडे विंडोज ७ आहे. तिथे आणि मॅकवर इजेक्ट करा, दोन सेकंद लागतात.

मिळालेल्या ४० फायलींना नावं नाहीत. प्रत्येकीवर एफ आणि पुढे लांबलचक नंबर. मामा रोज सकाळी दोन-तीन ऐकतात आणि वहीत लिहितात: राग, अंदाजे महिना. मागे ढोलपथकाचा सराव ऐकू आला की जुलै-ऑगस्ट. पंख्याची घरघर असली की उन्हाळा. काल दुर्गाच्या दोन फायलींवर अडले होते. एकीत पंखा आहे, एकीत नाही, पण मास्तर दोन्हींत एकाच जागी 'पुन्हा' म्हणतात.