कंत्राटदाराची वेबसाइट आणि ‘हमखास पहिल्या क्रमांका’चा दावा

दुरुस्ती, वॉटरप्रूफिंग आणि रंगकाम करणाऱ्या कंत्राटदारांच्या व्हॉट्सॲप गटांवर वेबसाइट बनवून देणाऱ्यांचा एक निरोप वेगवेगळ्या शब्दांत सतत फिरत असतो. त्याचा आशय असा: वेबसाइटवरून ग्राहक हवे असतील तर ती गुगलवर पहिली यायला हवी, आणि तो क्रमांक आम्ही तीन महिन्यांत हमखास मिळवून देतो; शहरातल्या प्रत्येक भागासाठी वेगळे पान करा; फोटो देखणे टाका, ते कोणाच्या कामाचे आहेत हे कोणी विचारत नाही; दर मुळीच लिहू नका; पाच ताऱ्यांच्या अभिप्रायांची सोय आम्ही करतो; आणि डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या नोंदवलेल्या पत्त्याची, चिंता सोडा, ते आम्ही सांभाळू. या सल्ल्यापायी लहान कंत्राटदार कष्टाची कमाई खर्च करतात, म्हणून त्यातला एकेक दावा तपासायला हवा. उदाहरणासाठी मी पुण्यात गच्चीचे वॉटरप्रूफिंग करणारा कंत्राटदार डोळ्यांसमोर ठेवला आहे. त्याचा बहुतेक धंदा पावसाळ्याआधीच्या काही आठवड्यांत ठरतो आणि तेवढ्यात वेबसाइट उपयोगी पडली नाही, तर वर्ष गेल्यासारखेच असते.

पहिला दावा हमखास क्रमांकाचा. गुगलवर पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गुगलनेच आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिले आहे. स्थानिक व्यवसायांचा क्रम लावताना शोधाशी असलेला मेळ, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी या तीन गोष्टी पाहिल्या जातात, आणि हा क्रम पैसे देऊन वर नेता येत नाही. अंतर हा निकष असल्यामुळे कोथरूडमध्ये बसून शोधणाऱ्याला आणि हडपसरमध्ये बसून शोधणाऱ्याला दिसणाऱ्या याद्या वेगळ्या असू शकतात, तेव्हा अवघ्या शहरासाठी एकच ‘पहिला क्रमांक’ असतो ही कल्पनाच चुकीची आहे. पैसे देऊन मिळते ती जाहिरातीची जागा. ती तशी नोंद करून वेगळी दाखवली जाते आणि पैसे थांबताच जाते. हमी देणारे पुष्कळदा तुमच्याच फर्मचे नाव टाकून शोध घेतात आणि वर आलेली वेबसाइट दाखवतात. पण ज्याला तुमचे नाव आधीच ठाऊक आहे, तो नवा ग्राहक नव्हे. याच पॅकेजमध्ये कधी कधी ‘मेटा कीवर्ड’, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहिलेले, वाचकाला न दिसणारे शोधशब्द, भरण्याचे पैसे लावलेले असतात. क्रम ठरवताना आपण ते पाहत नाही, हे गुगलने २००९ सालीच जाहीर केलेले आहे.

प्रत्येक भागासाठी वेगळे पान करण्याच्या सल्ल्याचे उत्तर थोडक्यात देता येते. बाणेर, वाकड, हडपसर अशी नावे बदलून तोच मजकूर असलेली पाने काढणे हे गुगलच्या नियमांप्रमाणे स्पॅममध्ये मोडते आणि त्यामुळे वेबसाइट शोधातून खाली ढकलली जाऊ शकते किंवा काढलीही जाऊ शकते. वाकडमधल्या एखाद्या इमारतीचे काम तुम्ही खरोखर केले असेल, तर त्या कामाचे पान अवश्य करावे.

फोटोंच्या दाव्यावर मला अधिक बोलायचे आहे, कारण नुकसान इथेच सर्वांत मोठे होते. गच्ची गळते तेव्हा वरच्या मजल्यावरच्या माणसाच्या छताला ओल धरते, पोपडे सुटतात आणि तो अस्वस्थ होऊन माहिती शोधू लागतो. परदेशातल्या चकचकीत इमारतीचा फोटो त्याला काहीही सांगत नाही. जुना कोबा, म्हणजे गच्चीवरचा संरक्षक थर, उखडल्यावर खाली काय दिसले, उतार पावसाच्या पाण्याच्या पाइपकडे कसा काढला, गच्ची आणि कठडा जिथे मिळतात तो सांधा कसा भरला, आणि शेवटी गच्चीवर पाणी साठवून चाचणी कशी घेतली, हे टप्प्याटप्प्याने दाखवणारे मोबाइलवरचे साधे फोटो त्याला विश्वास देतात. प्रत्येकाखाली भाग, महिना, वर्ष आणि वापरलेली पद्धत, म्हणजे ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा, चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सचा थर) की रासायनिक लेप, एवढे एका ओळीत लिहावे. इमारतीचे नाव सोसायटीची परवानगी असेल तरच द्यावे. त्याच जागेचा एका पावसाळ्यानंतरचा फोटो मिळाला, तर त्याच्या तोडीची जाहिरात नाही. दुसऱ्याच्या कामाचा फोटो आपला म्हणून लावणे ही निव्वळ चलाखी राहत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या जाहिरातीच्या व्याख्येत वेबसाइटही येते, आणि सेवेचे खोटे वर्णन करणे किंवा खोटी हमी देणे ही दिशाभूल करणारी जाहिरात ठरते. हाच नियम सर्रास लिहिल्या जाणाऱ्या ‘दहा वर्षांची हमी’ या शब्दांनाही लागू आहे: हमीत काय येते, काय येत नाही आणि गळती पुन्हा सुरू झाली तर किती दिवसांत येणार, हे लिहिलेले नसेल तर ती हमी लावूच नये. फोटो टाकण्यापूर्वी त्यांचा आकार मात्र कमी करावा. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी गुगलची शिफारस आहे आणि मोबाइलवरून थेट चढवलेले कित्येक एमबींचे फोटो ती सहज मोडतात.

दर लिहू नका, या सल्ल्यामागचे कारण मला समजते: गच्ची न पाहता आकडा सांगणे धोक्याचे असते आणि स्पर्धकही तो वाचतात. पण दर न लिहिणे आणि दराविषयी गप्प राहणे यांत मोठा फरक आहे. सोसायटीचे काम एकटा माणूस देत नाही. सेक्रेटरी दोन-तीन कोटेशन मागवतात, ती व्यवस्थापन समितीपुढे ठेवतात, आणि खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. तिथे एखादा सभासद विचारतो की दोन कोटेशनमध्ये एवढा फरक का, आणि सेक्रेटरींकडे उत्तर नसते. ते उत्तर तुमच्या वेबसाइटने द्यावे: दर चौरस फुटावर आहे का, जुना थर काढून राडारोडा उचलण्याचा खर्च त्यात धरला आहे का, कठड्याची आतली बाजू मोजली आहे का, परांची लागणार का, आणि रक्कम १८ टक्के जीएसटी धरून आहे की वगळून. त्यासोबत जीएसटी क्रमांक द्यावा, कारण तो सरकारी पोर्टलवर कोणालाही पडताळता येतो. हे पान मराठीत असावे आणि व्हॉट्सॲपवर जसेच्या तसे पुढे पाठवता यावे. सभेत मत देणारे अनेक ज्येष्ठ सभासद इंग्रजी पत्रक बाजूला ठेवतात, पण मराठीतले नीट वाचतात, आणि निर्णय त्यांच्याही हातात असतो.

अभिप्राय विकत घेणे किंवा सवलतीच्या बदल्यात लिहवून घेणे गुगलच्या धोरणात बसत नाही. काम संपल्यावर, चाचणीचे पाणी उतरल्यावर, सेक्रेटरींना अभिप्रायाची लिंक पाठवून मोकळेपणाने लिहायला सांगावे. एखादा तक्रारीचा अभिप्राय आला तर त्याखाली शांतपणे, तारखेसह उत्तर द्यावे. तुम्ही तक्रारीशी कसे वागता, हे नवा ग्राहक तिथेच वाचतो.

उरला डोमेनचा दावा, आणि तो सर्वांत निरुपद्रवी दिसत असला तरी मला सर्वांत घातक वाटतो. डोमेन वेबसाइट बनवून देणाऱ्या विक्रेत्याच्या नावावर असेल, तर वाद झाल्या दिवशी वेबसाइट आणि त्या पत्त्यावरचा ईमेल दोन्ही त्याच्या ताब्यात जातात, आणि तुमच्या जुन्या कोटेशनांवर, गाडीवर, पाटीवर छापलेला पत्ता निकामी होतो. दुसऱ्याच्या जागेवर विसंबल्यास काय होते, हे मार्च २०२४ मध्ये दिसले: गुगलने आपल्या बिझनेस प्रोफाइलमधून (शोधात आणि नकाशावर दिसणाऱ्या व्यवसायाच्या नोंदीतून) तयार होणाऱ्या मोफत वेबसाइट तेव्हा बंद केल्या आणि ज्यांच्याकडे स्वतःचे डोमेन नव्हते त्यांना नव्याने सुरुवात करावी लागली. म्हणून डोमेनची नोंदणी स्वतःच्या किंवा फर्मच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर आणि मोबाइल क्रमांकावर करावी, बिझनेस प्रोफाइलची मालकी स्वतःकडे ठेवून विक्रेत्याला केवळ व्यवस्थापक म्हणून जोडावे, आणि या दोन्ही गोष्टी पैसे देण्यापूर्वी करारात लिहून घ्याव्यात.