सनरूफ नको, मागच्या काचेला वायपर द्या

गेले काही महिने घरासाठी गाडी बघतोय आणि आता माझं डोकं इतकं सटकलंय की कुठेतरी लिहून टाकल्याशिवाय चैन पडणार नाही. बजेट पंधरा लाखांच्या आसपास, माणसं पाच, त्यात सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. राहायला रत्नागिरीपासून आत एका वाडीत, म्हणजे डांबरी सोडलं की दोन्ही बाजूला जांभ्याचे गडगे (दगडी कुंपणं), मधे एक गाडी जेमतेम जाईल एवढी वाट आणि शेवटी अंगणात शिरायला खडा चढ. शाळेत जायला रोज गाडी मीच चालवते, हप्ताही माझ्याच पगारातून जाणार. एवढीच गोष्ट आहे. पण या एवढ्याशा गोष्टीचं सरळ उत्तर द्यायला एक माणूस तयार नाही.

कुठलाही कंपॅरिजनचा व्हिडिओ लावा, पहिली दहा मिनिटं नुसती तोंडाची चर्चा. ग्रिल कशी आहे, बोनेटखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत लाइटची पट्टी आहे का, टेललाइट जोडलेली आहे का, अलॉय डायमंड कट आहेत का. मग आत शिरायचं आणि दोन मोठ्या स्क्रीन, ६४ रंगांची अँबियंट लाइट, आणि मग तो सनरूफ!! बटण दाबून छप्पर मागे सरकलं की त्या माणसाचा चेहरा असा उजळतो की विचारू नका. अहो आमच्याकडे जून ते सप्टेंबर धो धो पाऊस, मार्चपासून मे पर्यंत घामाने अंगाची चिकचिक, आणि गाडी लावायची कुठे तर माडाखाली नाहीतर फणसाखाली. काचेचं छप्पर घेऊन मी करू काय? मुलं डोकं बाहेर काढतील म्हणून अजून एक ताप. पण नाही, सनरूफ पाहिजेच, कारण सनरूफ नसेल तर म्हणे रीसेल मिळत नाही.

आता माझा मुद्दा ऐका. मागच्या काचेचा वायपर. हो, वायपर. गाडीची पाठ अशी उभी कापलेली असली की चालताना मागे हवेची पोकळी तयार होते आणि चाकांनी उडवलेला सगळा चिखल त्यात ओढला जाऊन काचेवर बसतो, सेडानच्या उतरत्या काचेला एवढा त्रास नाही होत. म्हणजे एसयूव्हीच्या आकाराच्या गाडीला मागचा वायपर आणि डिफॉगर (काचेवरची वाफ घालवणाऱ्या तारा) ही चैन नाही, गरज आहे, आणि आमच्या लाल मातीत तर दोन किलोमीटरमध्ये काच अशी माखते की मागे डंपर आहे की एसटी ते कळत नाही. आणि हे दोन आयटम कुठे ठेवलेत? बऱ्याच गाड्यांत मधल्या नाहीतर वरच्या व्हेरियंटमध्ये. एका शोरूममध्ये मी काचेजवळ जाऊन बघितलं तर वायपर बसायच्या जागी गोल रबरी बूच लावलेलं. म्हणजे भोक पाडलंय, जागा केलीय, फक्त दांडा आणि मोटर दिलेली नाही. त्याच गाडीत वर सनरूफ आहे! सेल्समनला विचारलं हे असं का, तर म्हणतो, मॅडम, कस्टमर सनरूफ मागतात, वायपर कोणी मागत नाही. मी कोण आहे मग? मी तुमच्यासमोर उभी राहून मागतेय ना?

बाकी मॅडम म्हणायचं तेवढं मला, गाडीबद्दल बोलायचं ते नवऱ्याशी. इंजिन, मायलेज, कर्ज, एक्स्चेंज सगळं त्याच्याकडे बघून, आणि माझ्याकडे वळून काय तर "मॅडम, कलर कुठला बघताय?" नवऱ्याने स्वतः सांगितलं की बाबा रे गाडी ही चालवते, मला घाटात चालवता येत नाही, तरी पुढच्या मिनिटाला परत त्यालाच टॉर्क समजावतोय. आणि मला सन व्हायजरमधला आरसा उघडून दाखवला, त्याला लाइट आहे म्हणून. तिथेच उठून यावंसं वाटलं होतं.

ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच, ते विचारलं की आकडा फेकतात. होंडा एलिव्हेट २२०, ह्युंदाई क्रेटा १९०, स्कोडा कुशाक १८८ मिलीमीटर. ठीक आहे, आकडे मलाही वाचता येतात. पण बरेचसे आकडे रिकाम्या गाडीचे असतात हे कोण सांगणार? पाच माणसं, मागे सामान, मे महिना असेल तर आंब्याच्या पेट्या, म्हणजे गाडी मागून बसली की किती उरतात? आमच्या चढाच्या तोंडाला पावसाने दगड उघडे पडलेत, तिथे पोट घासतं की नाही एवढंच मला बघायचंय. त्यासाठी टेस्ट ड्राइव्ह मागितली तर हायवेवर सरळ जाऊन यू टर्न मारून परत. मी म्हटलं घरची माणसं भरून आमच्या वाडीपर्यंत नेते, तर म्हणे इन्शुरन्सचा इश्यू होईल. पंधरा लाख द्यायचे आणि चढ चढते का ते घरी आणल्यावर बघायचं?

तीच गत ऑटोमॅटिकची. "मॅडम ऑटोमॅटिक आहे ना, काय टेन्शन नाही." कुठली ऑटोमॅटिक ते सांगा ना! क्रेटाचंच घ्या, साध्या पेट्रोलला सीव्हीटी (ठरावीक गिअरऐवजी पट्टा), डिझेलला टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर देणारं) आणि टर्बो पेट्रोलला डीसीटी (दोन क्लचवालं), एका नावाखाली तीन वेगळी यंत्रं. एलिव्हेटला सीव्हीटी, मारुतीच्या ब्रेझाला टॉर्क कन्व्हर्टर, टाटाच्या नेक्सॉन पेट्रोलला एएमटी पण आहे आणि डीसीटी पण आहे. एएमटी म्हणजे आतून मॅन्युअलच, क्लच आणि गिअर मशीन टाकतं, भरल्या गाडीने खड्या चढावर ते गिअर बदलताना झटका देतं. ड्राय क्लचचा डीसीटी सपाटीला लोण्यासारखा, पण घाटात ट्रकच्या मागे इंच इंच सरकायला लागलं की क्लच तापतो. टॉर्क कन्व्हर्टर थोडं जास्त पेट्रोल खाईल पण असल्या ठिकाणी निमूट चढेल. आंबा घाट, कुंभार्ली घाट ओलांडल्याशिवाय आम्हाला कोल्हापूर, कऱ्हाड दिसत नाही, आमच्यासाठी हा फरक त्या अँबियंट लाइटच्या ६४ रंगांपेक्षा मोठा आहे. हे मला शोरूममध्ये कोणीही सांगितलं नाही, सगळं घरी बसून शोधलं.

आणि त्या स्टायलिंगपायी रोजच्या वापराची जी वाट लावलीय ती वेगळीच. मोठी चाकं दिसायला छान म्हणून वरच्या व्हेरियंटला १७-१८ इंची अलॉय आणि त्यावर पातळ टायर. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे, अजून डायव्हर्जन आणि खड्डे सुटलेले नाहीत, आतल्या रस्त्यांचं तर बोलूच नका. असल्या रस्त्यावर पातळ टायर खड्ड्यात आपटला की साइडवॉलला फुगा येतो आणि मग टायर फेकायचा, रिपेअर नाही होत. वर स्टेपनी द्यायची छोट्या साइजची. बंपरात खाली बसवलेले हेडलाइट, म्हणजे पावसात चिखलाचा पहिला फटकारा त्यांनाच. फॉग लॅम्प तर कित्येक मॉडेलांतून गायबच झालेत. एसी कमी करायला टचची पट्टी, ओल्या बोटांनी ती ऐकत नाही, आणि रस्त्यावरची नजर काढून खाली बघायला लागतं ते वेगळं. एलिव्हेटला एसीची सरळ फिरवायची बटणं ठेवलीत ते बघून मला खरंच बरं वाटलं, पण व्हिडिओवाल्यांनी त्यालाच "जुनाट केबिन" म्हणून नावं ठेवली. बेज सीट आणि चकचकीत काळं प्लास्टिक, लाल मातीच्या गावात! आणि आता नवीन फॅशन म्हणजे कूपे एसयूव्ही, कर्व्ह, बसाल्ट. मागून छप्पर उतरतं केलेलं. दिसते देखणी, नाही म्हणत नाही, पण आरशातून मागची काच फटीएवढी दिसते, आणि आमच्या गडग्यांमधून रिव्हर्स मीच घ्यायचाय.

सासूबाईंना प्रत्येक गाडीत बसवून बघितलं. एका मोठ्या गाडीत दार धरून उभ्याच राहिल्या, "माझा पाय नाय गो उचलत एवढा." तो सेल्समन म्हणतो साइड स्टेप लावून देतो, अठरा हजार. म्हणजे उंच करून विकायचं आणि चढायला पायरी वेगळी विकायची. ही गोष्ट कुठल्या तुलनेच्या तक्त्यात असते का सांगा? सीट जमिनीपासून किती उंच, दार किती उघडतं, धरायला हँडल कुठे आहे? पाच माणसांच्या फॅमिली कार म्हणून विकता आणि मधल्या माणसाच्या पाठीला आर्मरेस्टचं टेंगूळ टोचतं.

आता किंमत. सगळीकडे मोठ्या अक्षरात "सुरुवात अमुक लाखांपासून". ते सुरुवातीचं व्हेरियंट शोरूमात कधी उभं बघितलंय कोणी? एक्स-शोरूम पंधरा लाखांची पेट्रोल गाडी धरा. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स, म्हणजे एक लाख ऐंशी हजार. डिझेल घेतली तर १४ टक्के, दोन लाख दहा हजार. त्यावर इन्शुरन्स, थर्ड पार्टी तीन वर्षांचा एकदम भरायचा. दहा लाखांच्या वर म्हणून एक टक्का टीसीएस (विकणाऱ्याने आधीच घेतलेला इन्कम टॅक्स), तो रिटर्न भरल्यावर परत मिळतो पण आधी खिशातून काढायचा. इथपर्यंत सरकारचं, समजू शकते. पण त्याखाली "एसेन्शियल किट", "हँडलिंग", "कोटिंग", एक्स्टेंडेड वॉरंटी अशा ओळी न विचारता आधीच टाकलेल्या. मी म्हटलं हे काढा, इन्शुरन्स मी बाहेरून घेते, तर चेहरा पडला आणि डिस्काउंटच गायब. म्हणे ऑफर आमच्या इन्शुरन्सबरोबरच आहे. ही जबरदस्तीच आहे, दुसरं काय म्हणायचं.

जीएसटीचंही तसंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, पेट्रोल १२०० सीसी आणि डिझेल १५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांना १८ टक्के आणि त्याहून मोठ्यांना ४० टक्के. क्रेटा, सेल्टॉस, एलिव्हेट, ग्रँड व्हिटारा सगळ्या चार मीटरच्या बाहेर. म्हणजे नेक्सॉन आणि या गाड्यांची तुलना करताना बराच फरक टॅक्सचाच आहे, गाडी तेवढ्याने चांगली आहे असं नाही. हे सांगितलं तर माणूस शांतपणे विचार करेल ना, की मला मागचे ते तीस सेंटिमीटर खरंच पाहिजेत का. पण "मॅडम, सेगमेंट वेगळा आहे" एवढंच उत्तर.

हायब्रिडचा विचार होता, ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडला (पेट्रोलबरोबर बॅटरीवरही चालणारी) कंपनी २७.९७ चं मायलेज सांगते, कागदावर भारी. पण बॅटरी मागे बसवल्यामुळे डिकी लहान होते. गणपतीला मुंबईहून दीर-जाऊ येतात, त्यांना स्टेशनवरून आणायला गेलं की बॅगा कुठे ठेवायच्या? सीएनजी घेतली तर बहुतेक गाड्यांत सिलिंडर डिकीत. डिकीचा लिटरमधला आकडा सगळे वाचून दाखवतात, हे मात्र विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

सेफ्टीबद्दल एकच. गाडी आपटवून केलेल्या चाचणीचे (एनकॅप) स्टार बघायचे असतील तर कुठल्या वर्षीचे ते बघा. कुशाकला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार, आधीच्या क्रेटाला त्याच वर्षी तीन. नंतर गाड्या बदलल्या, भारत एनकॅप आलं, पण विकणारे जुने-नवे सगळे स्टार एकत्र कालवतात. आणि ते एडीएएस, म्हणजे कॅमेरा-रडारने चालवणाऱ्याला मदत करणारं, लेन धरून ठेवतं म्हणे. कुठली लेन? आमच्या रस्त्यावर आधी पांढरा पट्टा तर मारा. त्यासाठी वरच्या व्हेरियंटचे पैसे मी मोजणार नाही.

सर्व्हिसचं विचारलं तर एका कंपनीचा माणूस हसत हसत म्हणाला, कोल्हापूरला आहे ना आपलं वर्कशॉप. कोल्हापूर! घाट ओलांडून, सुट्टी टाकून, ऑइल बदलायला. आणि खाऱ्या हवेने खालचा पत्रा सडतो त्याचं काय, तर परत तेच, अँटी-रस्ट कोटिंगचं पॅकेज घ्या.

शेवटी महिनाअखेर आली की फोनवर फोन. "मॅडम, आज बुकिंग केलं तर ऑफर आहे, उद्या नाही." मी त्याला सरळ सांगितलं, मधल्या व्हेरियंटमध्ये मागचा वायपर, डिफॉगर, हिल होल्ड (चढावर गाडी मागे घसरू न देणारं), पूर्ण साइजची स्टेपनी, आणि माझ्या घरच्या चढावर टेस्ट ड्राइव्ह, हे पाच लिहून पाठव, मी त्याच दिवशी चेक देते. दोन दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर काय आलं तर सनरूफ उघडलेल्या गाडीचा फोटो.

तर इथे रत्नागिरी, लांजा, राजापूर, कणकवली, कुडाळकडचं कोणी असेल आणि यातली एखादी गाडी निदान दोन पावसाळे आतल्या रस्त्यावर चालवली असेल, तर प्लीज एवढं सांगा: भरल्या गाडीने खडा चढ कशी चढते, खाली पत्र्याला गंज कुठे कुठे आला, म्हाताऱ्या माणसाला चढता-उतरता येतं का, आणि बंद पडली तर टो करून कुठपर्यंत न्यायला लागली.