हॉटमेल ‘आपोआप’ पसरलं नव्हतं

‘हॉटमेलने प्रचारावर एक पैसाही खर्च केला नाही. सेवा चांगली होती, लोकांनी एकमेकांना सांगितलं, बस्स!’ असा हॉटमेल या मोफत ईमेल सेवेबद्दलचा मेसेज ग्रुपांवर फिरतोय. खाली तात्पर्यही जोडलेलं: माल चांगला असला की जाहिरात लागत नाही.

यातलं अर्धं खरं आहे. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी जुलै 1996 मध्ये सुरू केलेल्या हॉटमेलने दीड वर्षात सुमारे 1 कोटी 20 लाख वापरकर्ते मिळवले. पण खर्च शून्य नव्हता. त्यात पैसे गुंतवणाऱ्या टिम ड्रेपर आणि स्टीव्ह जर्व्हेटसन यांनीच लिहून ठेवलंय की, प्रचारावर 5 लाख डॉलरपेक्षा कमी खर्च झाला. कमी, हो. शून्य नाही.

शिवाय लोकांच्या तोंडी प्रचारावर सगळं सोडलेलंही नव्हतं. पाठवलेल्या प्रत्येक ईमेलच्या तळाशी मोफत खातं उघडण्याचं आमंत्रण आपसूक जायचं. पाठवणाऱ्याच्या मनात असो-नसो, त्याचं पत्रच जाहिरात करायचं. तेही ओळखीच्या माणसाकडून आलेलं, म्हणजे विश्वास आयताच. ही ओळ घालण्याचा आग्रह ड्रेपर यांचा.

नुसत्या कौतुकाची साखळी लवकर आटते. 100 जणांनी 50 आणले, त्या 50 जणांनी 25, असं चाललं तर सगळे मिळून 200च्या आसपास गाडी थांबते. प्रत्येकामागे सरासरी एकाहून जास्त नवा माणूस आला तरच ती वाढत राहते.

हा मेसेज वाचून नवा धंदा काढणारा कुणी प्रचाराचा खर्चच कापेल, ही खरी भीती. तेव्हा कृपया हा मेसेज पुढे पाठवू नका. तुमच्या ग्रुपवर आलाच, तर ‘एक पैसाही नाही’ हे चूक आहे एवढं तिथेच सांगा.