अटलांटिकची काळजी न करण्याचे शास्त्र

अटलांटिक महासागरातला एक मोठा प्रवाह बंद पडू शकतो, अशी बातमी अधूनमधून येते आणि दर वेळी काही हळव्या मंडळींची झोप उडते. तुम्ही त्यांतले असाल, तर हे तुमच्यासाठी. घाबरू नका. निश्चिंत राहायला जे जे साहित्य लागतं ते खुद्द शास्त्रज्ञांनीच पुरवून ठेवलंय. फक्त त्यातलं नेमकं काय उचलायचं ते कळलं पाहिजे.

पहिली युक्ती अगदी सोपी. या प्रवाहाला शास्त्रज्ञ 'ॲमॉक' (AMOC, त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं) म्हणतात. तुम्ही चारचौघांत ठासून 'गल्फ स्ट्रीम' म्हणा. कोणीतरी जाणकार लगेच सांगेल, "अहो, गल्फ स्ट्रीम हा त्यातला एक भाग. तो बराचसा वाऱ्यावर चालतो. वारे आहेत तोवर तो काही थांबत नाही." मग तुम्ही म्हणायचं, "म्हणजे थांबत नाही ना? झालं तर मग!" आणि चहा मागवायचा. तो बिचारा पुढे काय सांगणार होता ते कोणी विचारत नाही.

तो सांगणार होता ते असं. विषुववृत्ताकडचं गरम, खारट पाणी वरच्या थरातून उत्तरेला जातं. ग्रीनलंड-आइसलँडच्या आसपास ते हवेला उष्णता देतं, गार होतं, आणि गार व खारट म्हणजे जड, म्हणून बुडतं. मग दोन-तीन किलोमीटर खोलीवरून पुन्हा दक्षिणेला निघतं. सेकंदाला सुमारे 1 कोटी 70 लाख घनमीटर पाणी असं फिरत असतं. जगातल्या सगळ्या नद्या एकत्र केल्या तरी त्याच्या दहाव्या हिश्शाला पोचत नाहीत. या सगळ्याची किल्ली खारटपणात आहे. ग्रीनलंडचं बर्फ वर्षाला सुमारे 270 अब्ज टन या हिशेबानं कमी होतंय आणि ते गोडं पाणी त्याच भागात मिसळतंय. पाणी खारट नाही तर जड नाही, जड नाही तर बुडत नाही, आणि बुडलं नाही तर मागचं पुढे सरकत नाही.

ही माहिती चुकून कानावर पडलीच, तर लगेच तारखेचा विषय काढा. तारीख हा निश्चिंत माणसाचा मोठा आधार. कोपनहेगन विद्यापीठातल्या पीटर आणि सुझान डिटलेव्हसेन या भावाबहिणीनं 2023 साली गणित मांडलं, की प्रवाह 2025 ते 2095 या काळात कधीतरी कोसळेल, बहुधा शतकाच्या मध्याला. सत्तर वर्षांची मुदत! एवढी तर बँकही देत नाही. आपलं गृहकर्ज कधी फिटतं ते बघावं आणि त्याच्या पुढची एखादी तारीख पसंत करावी. एवढंही नको असेल तर आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीचा, 2021 चा अहवाल आहे. 2100 पूर्वी प्रवाह अचानक कोसळणार नाही, असं त्यात 'मध्यम खात्रीनं' म्हटलंय. 'मध्यम' हा शब्द हळू आवाजात म्हणायचा. त्याच अहवालात हा प्रवाह या शतकात मंदावण्याची शक्यता फार दाट धरलीय, पण ते वाक्य वाचायची सक्ती कोणी केलेली नाही.

मुख्य म्हणजे शास्त्रज्ञांचं आपसात जमत नाही. 2024 मध्ये नेदरलँड्सच्या उट्रेख्ट विद्यापीठातल्या गटानं संगणकात प्रवाह कोसळवून दाखवला. युरोपातल्या काही शहरांचं तापमान 5 ते 15 अंशांनी उतरलं. त्यासाठी त्यांनी प्रत्यक्षापेक्षा बरंच जास्त गोडं पाणी ओतलं होतं, हे आवर्जून सांगावं. 2025 मध्ये दुसऱ्या गटाला दिसलं, की दक्षिण महासागरावरच्या वाऱ्यांमुळे प्रवाह पूर्ण थांबत नाही, दुबळा होऊन तग धरतो. आता डॉक्टरांत मतभेद असले की आपण दुखणं नाहीच असं धरतो ना? तोच न्याय इथे लावायचा. एक म्हणतो रोगी दगावेल, दुसरा म्हणतो अंथरुणाला खिळेल. म्हणजे ठणठणीत आहे.

"पुरेशी मोजमापं नाहीत" हेही हाताशी ठेवा, कारण ते खरं आहे. 26.5 अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रात मोजयंत्रांचे दोर नांगरून सलग मोजणी सुरू झाली ती 2004 साली. कल ठामपणे सांगायला आणखी काही दशकं मोजावं लागेल. तोवर काही करणं म्हणजे घाई. 2009-10 मध्ये प्रवाह जवळजवळ 30 टक्क्यांनी मंदावला होता आणि न्यूयॉर्कच्या उत्तरेच्या किनाऱ्यावर समुद्र सुमारे 13 सेंटीमीटर चढला होता, पण पुढे प्रवाह सावरलाच की. एकदा सावरलेला माणूस दर वेळी सावरतो, हे आपण घरोघरी पाहतोच.

ब्रिटनमध्ये मात्र काही जण उगाच शेतीचा हिशेब मांडत बसलेत. प्रवाह बंद पडला तर पाऊस आटून नांगरटीखालची जमीन 32 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर येईल, असा 2020 चा एक अंदाज आहे. पाटपाणी दिलं तर बराच भाग वाचेल, पण खर्च पिकाला परवडणार नाही. (हे वाक्य आपल्याकडे कुठे ऐकल्यासारखं वाटलं तर तो योगायोग समजावा.) तुमची लेक लंडनला असेल तर एक जाड मफलर पाठवून द्या, आपलं कर्तव्य झालं.

ऑक्टोबर 2024 मध्ये 44 शास्त्रज्ञांनी नॉर्डिक मंत्रिपरिषदेला, म्हणजे आइसलँड-नॉर्वेसारख्या उत्तर युरोपातल्या देशांच्या सामायिक मंडळाला, पत्र लिहिलं, की हा धोका आजवर फार कमी लेखला गेलाय. पत्र लिहिलं हे उत्तम झालं. पत्राची आवकमध्ये नोंद होते, पोच मिळते, आणि विषय मार्गी लागल्याचं समाधान दोन्हीकडे राहतं. पण आइसलँडवाले पडले उतावळे. पुढच्याच वर्षी त्यांनी हा प्रवाह कोसळणं हा राष्ट्रीय सुरक्षेला धोका ठरवून टाकला. चार लाखांच्या आतली वस्ती, स्वतःचं सैन्य नाही, आणि धोका कोणाचा, तर पाण्याचा! आपण त्यांच्या वाटेला जाऊ नये. आपल्याकडे सुरक्षेला पुरेसे शेजारी आहेत.

राहता राहिला आपला पाऊस. मेघालयातल्या माव्हम्लू गुहेत थेंबाथेंबानं वाढलेल्या चुनखडीत जुन्या पावसाच्या खुणा सापडतात. साधारण 12,900 वर्षांपूर्वी हा प्रवाह दुबळा झाला असावा असं मानतात. तेव्हा युरोपात हजारेक वर्षं गारठा परतला आणि त्याच काळात आपला मॉन्सूनही रोडावला, असं त्या खुणा सांगतात. उत्तर गोलार्ध गार पडला की पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो. पण गुहा मेघालयात, तीही जमिनीखाली. तिथे कोण बघायला जातंय? आणि उद्या पाऊस खरंच रोडावला, तर बोल कोणाला लावायचा याची सोय आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. हवामान खातं आहे ना. एवढ्यासाठी ग्रीनलंडपर्यंत जायचं काही कारण नाही.